पाच ‘योग्य’ पाठ आहेत, मग औषध चुकतं कुठे?

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी हे पाच ‘योग्य’ तो धडाधड म्हणून दाखवेल. पुढे त्यात योग्य नोंद, योग्य कारण, योग्य परिणाम यांचीही भर पडली. तरी ज्यांच्या हातून औषध चुकतं, त्यांनाही ही यादी येतच असते. यादी बरोबरच आहे, पण ‘योग्य मात्रा’ हे झाल्या कामाचं वर्णन आहे. ते काम करताना डोळ्यांनी कुठे पाहायचं, बोट कशावर ठेवायचं, तोंडाने काय विचारायचं, हे त्या दोन शब्दांत येत नाही. म्हणून शिकवताना प्रत्येक ‘योग्य’चं रूपांतर हाताच्या एका ठरलेल्या कृतीत करून द्यावं लागतं.

रुग्ण ओळखणं

“तुम्ही शिंदे ना?” असं विचारलं की अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा किंवा नुसताच घाबरलेला माणूस “हो” म्हणून मोकळा होतो. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही म्हणतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देताच येऊ नये: “तुमचं पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख?” मिळालेलं उत्तर मनगटावरच्या पट्टीशी आणि पट्टी औषधाच्या चार्टशी, असं दोनदा जुळवायचं. नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा हव्यातच. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. रात्रीतून खाटा बदलतात, चार्ट जुन्याच खाटेला लटकत राहतो.

ही तपासणी खाटेपाशीच व्हायला हवी आणि औषध त्या वेळी हातात असायला हवं. विद्यार्थी बरेचदा आधी टेबलापाशी चार्ट वाचतात, नाव डोक्यात ठेवतात आणि मग खाटेकडे जातात. तिथे ते पट्टी चार्टशी जुळवत नाहीत, स्वतःच्या आठवणीशी जुळवतात. चार्ट खाटेपर्यंत न्यायचाच, त्यात सूट नाही.

ॲलर्जीही याच वेळी विचारायची. “ॲलर्जी आहे का?” एवढ्याने भागत नाही. कोणत्या औषधाने, काय झालं होतं, कधी झालं होतं, हे तिन्ही विचारायचं. पेनिसिलीनची ॲलर्जी चार्टवर लाल अक्षरात लिहिलेली असते आणि हातात ॲमॉक्सिसिलीन किंवा पिपरॅसिलीनची व्हायल (रबरी बुचाची औषधाची छोटी बाटली) असते. दोन्ही पेनिसिलीनच्याच घराण्यातली, पण खोक्यावर ‘पेनिसिलीन’ हा शब्द दिसेलच असं नाही. औषधांची ही घराणी पाठ असणं नर्ससाठी पाढ्यांइतकंच गरजेचं आहे.

लेबल तीनदा, पण खरोखर वाचायचं

लेबल तीनदा वाचायचं हे सगळ्यांना माहीत असतं: कपाटातून काढताना, भरताना आणि पेशंटला देण्याच्या अगदी आधी. यातलं दुसरं-तिसरं वाचन पुष्कळदा नुसती नजर फिरवणं होतं. मेंदू समोर जे आहे त्याऐवजी जे अपेक्षित आहे ते वाचतो. डोपामिन आणि डोब्युटामिन ही दोन वेगळी औषधं, पण डोपामिनची ॲंप्यूल (तोंड फोडून उघडायची काचेची कुपी) हवी असेल, तर डोब्युटामिनवरसुद्धा डोपामिनच दिसतं. अमेरिकेत ओमेप्राझोल आधी ‘लोसेक’ या नावाने विकलं जायचं. ते ‘लॅसिक्स’शी गोंधळतं हे दिसल्यावर १९९० मध्ये नाव बदलून ‘प्रिलोसेक’ करावं लागलं. एक आम्ल कमी करणारं, दुसरं लघवी वाढवणारं.

यावर उपाय साधा आहे आणि सुरुवातीला विद्यार्थ्यांना त्याची लाज वाटते: बोट ठेवून मोठ्याने वाचणं. ॲंप्यूल दोन बोटांत धरा. ती फिरवत आधी औषधाचं नाव वाचा, मग एका मिलीत किती हा आकडा, मग पूर्ण ॲंप्यूलमध्ये किती मिली, मग कोणत्या मार्गाने द्यायचं, शेवटी मुदत. प्रत्येक गोष्टीवर बोट टेकवून ती चार्टवरच्या ओळीशी जुळवा. यातला ‘एका मिलीत किती’ हा आकडा सगळ्यात जास्त वेळा सुटतो. ‘५००० युनिट’ हे एका मिलीतलं आहे की पूर्ण व्हायलमधलं? हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) ५ मिलीच्या व्हायलवर ‘एका मिलीत ५०००’ लिहिलेलं असेल, तर त्या एका व्हायलमध्ये २५,००० युनिट आहेत.

झाकणाच्या किंवा लेबलच्या रंगावरून औषध ओळखायला कधीही शिकवू नये. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि ज्याने रंग पाठ केला तो नेमका तेव्हाच फसतो.

भरलेली सिरिंज क्षणभरही बिनलेबलची राहता कामा नये. सलाईन, हेपॅरिन, लिग्नोकेन, पोटॅशियम क्लोराइड, सगळं पाण्यासारखंच दिसतं. एक औषध भरा, लेबल लावा, मग दुसऱ्याला हात लावा. ट्रेमध्ये बिनलेबलची सिरिंज सापडली तर ती टाकून द्यायची. “ही बहुतेक सलाईनच आहे” हे वाक्य वॉर्डात चालत नाही.

मात्रा: आधी अंदाज, मग गणित

सूत्र एकच आहे. हवी असलेली मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले ती जितक्या द्रवात आहे ते मिली. जेंटामायसीन ६० मिलिग्रॅम द्यायचं आहे आणि ॲंप्यूलमध्ये २ मिलीत ८० मिलिग्रॅम आहे, तर ६० भागिले ८०, गुणिले २, म्हणजे १.५ मिली. पण सूत्राला हात लावण्याआधी विद्यार्थ्याला विचारायचं: “एका ॲंप्यूलपेक्षा कमी लागेल की जास्त? अर्ध्यापेक्षा?” साठ हे ऐंशीपेक्षा कमी आणि चाळीसपेक्षा जास्त. तेव्हा उत्तर १ आणि २ मिलीच्या मध्येच यायला हवं. आता कोणी घाईत आकडे उलटे टाकले तर उत्तर २.६७ मिली येतं, आणि अंदाज आधी केलेला असेल तर ते तिथल्या तिथे खटकतं. कॅल्क्युलेटर वापरू द्यायला काहीच हरकत नाही. फक्त तो उलट्या आकड्यांचंही अचूक उत्तर देतो, म्हणून अंदाज कागदावर आधी लिहून घ्यायचा.

दुसरी खूण अशी: एका डोससाठी दोनपेक्षा जास्त ॲंप्यूल, व्हायल किंवा गोळ्या लागत असतील तर थांबायचं आणि ऑर्डर व गणित दोन्ही पुन्हा पाहायचं. काही औषधांना खरंच तितक्या लागतात, पण दशांश चिन्ह सरकल्यामुळे लागणाऱ्याही बऱ्याच असतात.

लहान मुलांचं उदाहरण तर प्रत्येक बॅचला प्रत्यक्ष बाटल्या समोर ठेवून दाखवावं. मूल १० किलोचं, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे डोस १५० मिलिग्रॅम. टेबलावर तीन बाटल्या ठेवा. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५, दुप्पट ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. तोच डोस पहिल्या बाटलीतून १.५ मिली होतो, दुसरीतून ६ मिली आणि तिसरीतून ३ मिली. आता कोणी “सहा मिली द्या” एवढंच सांगितलं आणि हातात थेंबांची बाटली आली, तर मुलाला ६०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे चौपट. म्हणून ऑर्डर मिलीमध्ये घ्यायची नाही, मिलिग्रॅममध्ये घ्यायची. ‘एक चमचा’, ‘एक ॲंप्यूल’ या ऑर्डर नव्हेत. मुलाचं वजनही आजचं हवं आणि किलोमध्येच लिहिलेलं हवं.

लिहिण्याच्या सवयींवर कडक राहणं भाग आहे. पूर्ण आकड्यापुढे ठिपका देऊन शून्य नको, कारण १.० मधला ठिपका पुसट झाला की १० होतात. दशांशाआधी शून्य हवंच, कारण .५ चे ५ होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजीत त्याचं एकच अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहायचं, कारण त्याचं चिन्ह मिलिग्रॅमसारखं वाचलं गेलं तर चूक हजारपटीची असते.

इन्सुलिनवर स्वतंत्र तास घ्यावा. बाजारात एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट, अशी दोन ताकदींची इन्सुलिनं जिथे मिळतात, तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. साधारणपणे ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी, पण रंगाबद्दल वर म्हटलं तेच इथेही लागू: सिरिंजवर छापलेला आकडा वाचायचा. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. उलट झालं, ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर जेमतेम ८ युनिट जातात. पहिल्या चुकीत साखर धोकादायक उतरते. दुसरीत ती उतरतच नाही, आणि मग कोणीतरी डोस वाढवतं. सिरिंजवरचा आणि व्हायलवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून पाहिल्याशिवाय सुई टोचायची नाही, ही सवय सरावाच्या खोलीतच लावावी लागते. इन्सुलिन साध्या २ मिलीच्या सिरिंजमध्ये कधीही भरू द्यायचं नाही.

पावडरच्या व्हायलमध्ये एक छोटा सापळा असतो: पावडर स्वतः जागा घेते. समजा २५० मिलिग्रॅम पावडर ०.२ मिली जागा घेते. त्यात ५ मिली पाणी घातलं तर ५.२ मिली द्रव तयार होईल आणि एका मिलीत ५० मिलिग्रॅमपेक्षा थोडं कमी येईल. बरोबर ५ मिली हवं असेल तर पाणी ४.८ मिली घालायचं. पूर्ण व्हायल मोठ्या माणसाला द्यायची असेल तर याने फरक पडत नाही. नवजात बाळाला त्यातला थोडासाच भाग द्यायचा असेल तेव्हा मात्र पडतो.

सलाईनच्या थेंबांचं गणित त्यामानाने सोपं. एकूण मिली गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) एका मिलीतले थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांच्या सेटवर: १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. थेंब पूर्ण एक मिनिट मोजायचे. पेशंटने हात हलवला, कोपर वाकवलं की वेग बदलतो, म्हणून पंधरा मिनिटांनी परत येऊन पुन्हा मोजायचे.

मार्ग आणि वेग

कोणत्या मार्गाने द्यायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किती वेगाने द्यायचं हेही, आणि वेगाला पाच ‘योग्य’च्या यादीत स्वतंत्र जागाच नाही. ‘सावकाश द्या’ याचा अर्थ प्रत्येकाच्या हातात वेगळा. त्याला घड्याळाचा आकडा द्यावा लागतो. १० मिली ५ मिनिटांत द्यायचं म्हणजे मिनिटाला २ मिली, म्हणजे दर १५ सेकंदांना अर्धा मिली. विद्यार्थ्याने सेकंदकाट्याकडे पाहत, सिरिंजची एकेक रेघ पुढे सरकवत हे पाण्यावर करून पाहिलं पाहिजे. पहिल्या खेपेला बहुतेकांची सिरिंज दीड मिनिटात रिकामी होते. फिट्सवरचं फेनिटॉइन मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने गेलं तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. ते ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळलं तर त्याचे कण तयार होतात, म्हणून फक्त नॉर्मल सलाईन वापरायचं. व्हॅन्कोमायसीन हे अँटिबायोटिक मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं तर १ ग्रॅमला १०० मिनिटं लागतात. घाई केली तर चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो.

पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची १० मिलीची ॲंप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). ती थेट शिरेत सोडली तर हृदय बंद पडतं. नेहमी पातळ करूनच, आणि साध्या वॉर्डात, मॉनिटर नसताना, तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. इथली कमी माहीत असलेली चूक अशी: लटकत्या, चालू सलाईनमध्ये खालून पोटॅशियम टोचलं जातं. ते सलाईनपेक्षा जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडाशीच साचतं आणि पेशंटला सगळ्यात आधी तेच घट्ट पोटॅशियम जातं. म्हणून सलाईन बंद करून खाली काढायचं, औषध घालायचं, पिशवी आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, लेबल लावायचं आणि मगच पुन्हा लटकवायचं. हे नुसतं सांगू नका. सलाईनच्या पिशवीत शाई मिसळलेलं घट्ट मिठाचं पाणी टोचून दाखवा. तळाशी साचलेला निळा थर एकदा पाहिला की तो कोणी विसरत नाही.

मार्गाची चूक टाळायला साधनंच वेगळी ठेवणं सगळ्यात भरवशाचं. तोंडाने द्यायचं औषध तोंडाच्याच सिरिंजमध्ये भरावं, जी कॅन्युलाला (शिरेत बसवलेल्या नळीला) बसतच नाही. व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं, फक्त शिरेतून द्यायचं औषध आहे. ते मणक्यात गेल्याने जगभरात मृत्यू झाले आहेत. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून देण्याची पद्धत आली, कारण पिशवी मणक्याच्या सुईला कोणी चुकूनही जोडत नाही.

नाकातून पोटात घातलेल्या नळीतून औषध देताना गोळ्या कुटायची वेळ येते. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर पूर्ण दिवसाचा डोस एकदम सुटतो. आतड्यात विरघळावी म्हणून आवरण दिलेली गोळी कुटली तर ते आवरण निकामी होतं. कुटण्याआधी फार्मासिस्टला विचारायचं. बहुतेक वेळा त्याच औषधाचं सिरप निघतं.

देण्याआधी एक नजर, दिल्यावर दुसरी

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसात ते ६० च्या खाली असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचं. इन्सुलिनआधी साखर पाहायची आणि जेवणाचं ताट खरंच आलंय ना हेही पाहायचं, कारण जलद काम करणारं इन्सुलिन ताटाची वाट पाहत नाही. मॉर्फिननंतर श्वास मोजायचा, पण त्याआधी पेशंट किती जागा आहे ते पाहायचं. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते.

नोंद औषध दिल्यावर, लगेच. आधी सही करून ठेवली आणि पेशंट एक्स-रेला गेलेला असला, तर कागदावर दिलेलं औषध पेशंटला मिळालेलंच नसतं. आणि दिल्यावर सही राहिली तर पुढच्या पाळीची नर्स तेच औषध दुसऱ्यांदा देते. गोळी टेबलावर ठेवून निघायचं नाही, ती गिळेपर्यंत थांबायचं. पेशंटने नकार दिला तर त्याचं कारण त्याच्याच शब्दांत लिहायचं. “काल या गोळीनंतर चक्कर आली” हे कारण डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

सरावाच्या खोलीत काय करायचं

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. ९८ नर्सेसना औषधं देताना पाहिलं गेलं. काम मध्येच तोडलं गेलं की दर व्यत्ययामागे औषधाच्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. तेव्हा शांत खोलीत, सगळं नीट मांडून घेतलेली परीक्षा अर्धीच परीक्षा आहे. सराव चालू असताना मुद्दाम फोन वाजवा, दुसऱ्याच खाटेवरून हाक मारा. विद्यार्थ्याच्या तोंडी एक वाक्य बसवा: “औषध भरतेय, पाच मिनिटांत येते.” आणि समोर खरीच आणीबाणी असेल, तर हातातलं खाली ठेवून जायचं आणि परत आल्यावर पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. ‘जिथे सोडलं तिथून पुढे’ असं केलं की नेमकी एक पायरी सुटते.

पेरलेल्या चुकांची खोली हाही फार चांगला प्रकार. पुतळ्याच्या मनगटावर एका नावाची पट्टी, चार्टवर आडनाव तेच पण जन्मतारीख वेगळी, ट्रेमध्ये मुदत संपलेली एक व्हायल, चार्टवर ॲलर्जी असलेलं औषध, ४० च्या इन्सुलिनशेजारी १०० ची सिरिंज. दहा मिनिटांत काय काय सापडतं ते पाहायचं. प्रत्येक वेळी एखादी खोली चुकांविनाही ठेवा, नाहीतर विद्यार्थी फक्त मोजून चुका शोधायला शिकतात.

इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, मॉर्फिन यांसारख्या औषधांना दोघांनी तपासायचं असतं. पण “हे दोन मिलीच ना गं?” असं विचारून दुसरीने मान डोलावणं म्हणजे तपासणी नव्हे. दुसरीला उत्तर सांगायचंच नाही. तिने चार्ट आणि व्हायल घेऊन स्वतःचं गणित मांडायचं, मग दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवायची. विद्यार्थ्यांनी हे जोडीने, एकमेकींकडे पाठ करून करावं.

वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगला एका विद्यार्थ्याकडे एकच पेशंट. त्याची सगळी औषधं, प्रत्येक औषध कशासाठी, काय पाहून द्यायचं, हे त्याने इन्स्ट्रक्टरला खाटेपासून बाजूला उभं राहून सांगायचं आणि मगच औषधांना हात लावायचा. कारण सांगता आलं नाही तर ते औषध त्या दिवशी इन्स्ट्रक्टर देतील. गणिताच्या परीक्षेत पास होण्याची रेघ शंभर टक्क्यांवर ठेवणं कठोर वाटतं, पण आम्हाला तेच योग्य वाटतं. नापास झालेल्याला हवा तितका सराव आणि हव्या तितक्या संधी द्याव्यात, रेघ मात्र खाली आणू नये.

शंका आली की ती बोलून दाखवायलाही शिकवावं लागतं. “सर, हा डोस बरोबर आहे ना?” याला घाईत “हो” असं उत्तर मिळतं. त्याऐवजी आकडे ठेवायचे: “सर, बाळाचं वजन ८ किलो आहे. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर १२० होतात. ऑर्डर ४०० ची आहे. पुन्हा पाहता का? तोवर मी औषध दिलेलं नाही.” हे वाक्य विद्यार्थ्याने उभं राहून, खऱ्या आवाजात, निदान पाच वेळा म्हणायला हवं. पहिल्यांदा आवाज निघत नाही.

आणि हे सगळं करूनही एखाद दिवशी चूक होईलच. तेव्हाचा क्रम ठरलेला असावा. आधी पेशंटकडे जायचं: शुद्ध, श्वास, नाडी, रक्तदाब, गरज असेल तर साखर. औषध शिरेतून चालू असेल तर बंद करायचं, पण कॅन्युला काढायचा नाही, उपचारांना तोच लागणार असतो. मग वॉर्डच्या सिस्टर, इन्स्ट्रक्टर आणि डॉक्टर यांना लगेच सांगायचं: कोणतं औषध, किती, किती वाजता. रिकामी व्हायल आणि सिरिंज फेकायच्या नाहीत. केस पेपरवर जे झालं तेवढंच लिहायचं, कोणाच्या चुकीने हे नाही. वॉर्डचा चुकांच्या नोंदीचा वेगळा फॉर्म असतो, तो त्याच पाळीत भरायचा. सुई टोचण्याआधी लक्षात आलेली चूकही त्यात लिहायची, कारण शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या व्हायल वेगळ्या कप्प्यांत हलवायला सिस्टरना तेवढं पुरतं. विद्यार्थी सांगायला आला की इन्स्ट्रक्टरचा पहिला प्रश्न “असं कसं केलंस?” हा नसावा, “पेशंट कसा आहे?” हा असावा. “असं कसं केलंस?” ऐकलेला विद्यार्थी पुढच्या वेळी सांगायला येत नाही.